कंपनीला झालेला दंड

त्या रविवारी वीज गेली ती ऐन स्तोत्राच्या मध्यावर. चर्चमधला ऑर्गन गळा दाबल्यासारखा गप्प झाला, पण गाणाऱ्या बायका गप्प झाल्या नाहीत. तिलोमाईने तर आवाज असा चढवला की डोळे मिटून उभ्या असलेल्या पाद्रीबुवांनी डोळे उघडले. महिन्यातली ही कितवी खेप, ते मोजायचं गावाने केव्हाच सोडून दिलं होतं.

तिलोमाई ही महिला समितीची प्रमुख. तिच्या मोठ्या फ्रीजरमध्ये अर्ध्या गावाची मासळी असायची, त्यामुळे वीज गेली की अर्धं गाव तिच्या दारात यायचं. प्रार्थना संपताच ती जागेवरून उठली.

"आधी पैसे भरा, मग वीज मिळेल म्हणाले. भरले. दर वाढवले, तेही सोसलं. आता पैसे भरून अंधारात बसायचं असेल तर आम्ही भरतो तरी कशाचे?"

"अंधारात मीटर फिरत नाही, तेवढीच बचत," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. तिलोमाई हसली नाही.

सोमवारी मानकऱ्यांची बैठक भरली आणि तिथे जे ठरलं ते आमच्या सामोआतच ठरू शकतं. बाकीच्या जगात लोक वीज कंपनीकडे तक्रार करतात. आमच्या गावाने कंपनीला दंड केला. एक मोठी डुकरीण आणि डबाबंद मासळीची खोकी, गावची शांतता मोडली म्हणून. कल्पना अर्थातच तिलोमाईची.

"कंपनी काय आपल्या गावची आहे?" मुख्य मानकरी सापोलूने विचारलं.

"तिचे खांब कुठे उभे आहेत? आपल्या जमिनीत. जो गावात राहतो तो गावचा, आणि गावच्या माणसाने चूक केली की त्याला दंड होतो. मग तो लाकडाचा का असेना."

तसाच निरोप राजधानीला, आपियातल्या कंपनीच्या ऑफिसात गेला.

ऑफिसात त्या निरोपावर खदखदून हसले असतील. पण लाइन दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम केरेती हसला नाही, कारण तोही असल्याच एका गावात वाढला होता. गुरुवारी सकाळी कंपनीचा ट्रक आला. केरेती बैठकीच्या गोल घरात शिरला, खोकी पुढे ठेवली, बाहेर बांधलेली डुकरीण दाखवली आणि मांडी घालून मान खाली घातली. गाव असं खूश झालं की विचारू नका. तिलोमाई तर नुसती फुलून आली होती.

"दंड मान्य," केरेती म्हणाला. "पण एक विनंती आहे. चूक कुठे झाली ते सगळ्यांनी मिळून बघू."

"बघू की. आम्हाला काय भीती?" असं म्हणत तिलोमाईच सगळ्यांच्या पुढे निघाली.

खांबामागून खांब बघत मिरवणूक निघाली ती तिलोमाईच्या घरामागे येऊन थांबली. तिथे भलाथोरला नीरफणस होता. त्याच्या एका फांदीची पानं करपून काळी झाली होती, आणि बरोबर तिथूनच तार गेली होती.

"वारा सुटला की फांदी तारेला लागते आणि अख्ख्या गावाची वीज जाते," केरेती म्हणाला. "झाड कुणाचं?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

"माझं," तिलोमाई म्हणाली. "मग?"

केरेती वरमला. "मावशी, छाटून भागायचं नाही. हे झाड छाटलं की दुप्पट फुटतं. एक तर झाड काढावं लागेल, नाहीतर तार या शेजारच्या मोकळ्या जागेवरून वळवावी लागेल. पण तारेखाली मग घर बांधता यायचं नाही."

गावात हे दोन्ही बोलायची कुणाची छाती झाली नसती. तिलोमाईचा एकुलता एक मुलगा फेतू परदेशात, ऑकलंडला होता. त्याची नाळ तिने याच झाडाच्या बुंध्याशी पुरली होती. नाळ जिथे पुरली तिथे माणूस परत येतो, असं आम्ही मानतो आणि ती जरा जास्तच मानायची. आणि ती मोकळी जागा फेतूच्या घरासाठी राखलेली होती. दर नाताळात तो म्हणायचा, येतो आणि घर बांधतो. ती जागा ती स्वतः झाडून लख्ख ठेवायची, तिथे साधी केळही लावू द्यायची नाही.

"झाडाला हात लावायचा नाही आणि जागेलाही नाही. तिसरं काहीतरी सांग," ती म्हणाली.

"तिसरं काही नाही, मावशी."

"तिलो," सापोलू हळूच म्हणाला, "कंपनीला दंड करा म्हणणारी तूच."

"मी कुठे नाही म्हणते? या लोकांना आधी जेवू घाला. तोवर मी पोराशी बोलते."

ती फोन घेऊन आत गेली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाच तिला राग येत होता. फेतू फोनच्या पडद्यावर दिसला. रात्रपाळीवरून आलेल्या त्याच्या अंगावर अजून कामावरचे कपडे होते. तिने सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "आई, झाड तोडून टाक."

"अरे, तुझी नाळ आहे तिथे."

"माहितीये. लोकांना अंधारात ठेवून काय करायचंय तिचं?"

"आणि तू परत कशाच्या ओढीने येशील?"

पलीकडे कुणीतरी लहान मूल हसलं. ती तिची नात, लुसी.

"आई, लुसी झाली तेव्हा तिची नाळ मी इथेच पुरली. मागच्या अंगणात, लिंबाखाली."

"भाड्याच्या घरात?" ती कडाडली. "उद्या मालकाने बाहेर काढलं म्हणजे?"

"भाड्याचं नाही, आई. आम्ही घर घेतलं. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

तिलोमाई खाली बसली. तिला आता कळून चुकलं. पोरगा येणार नव्हता. पुढच्या नाताळातही नाही, कधीच नाही. रडावंसं वाटलं, ती थोडी रडलीही. फेतू पलीकडून "आई, आई" करत राहिला.

"लिंबाला पाणी घालतोस का?" तिने शेवटी विचारलं.

"रोज."

"घालत जा. शेणखतही घाल." तिने फोन ठेवला, तोंड धुतलं, केस बांधले आणि बाहेर आली.

माणसं जेवत होती. तिने सापोलूला सांगितलं, दंड माझा आहे. कंपनीची डुकरीण आणि खोकी परत करा, माझ्याकडची सगळ्यात मोठी डुकरीण गावाला घ्या. सापोलू काहीतरी समजुतीचं बोलायला लागला, पण तिने त्याला हातानेच थांबवलं.

केरेती ताट बाजूला ठेवून उठला. "मग करवत काढू का, मावशी?"

"करवत कशाला? झाडाला फळं धरली आहेत, ती आम्ही खातो. तार वळव."

"कुठून?"

ती मोकळ्या जागेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. झाडून ठेवलेल्या मातीवर तिने टाचेने खूण केली.

"इथे खांब रोव."

"मावशी, मग इथे कधीच घर होणार नाही."

"माहितीये," तिलोमाई म्हणाली. "खड्डा खोल घे."