एका फ्रीझरला तीन कुलपं

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळघरात जो जुना डीप फ्रीझर घरघरत असतो, तो मीच. आतलं तापमान उणे ऐंशी. त्यामुळे मी भावनेच्या भरात काही बोलेन, ही भीती बाळगू नका.

माझ्या पोटात वार असते. बाळाच्या पाठोपाठ बाहेर येते ती. एरवी टाकूनच देतात. पण काही बाळं दिवस भरण्याआधीच का जन्मतात, हे शोधण्यासाठी बाळाच्या आईला विचारून वारेचे तुकडे छोट्या डब्यांत जपले जात. वरचा कप्पा जंतू तपासणाऱ्या बाईंचा, मधला प्रसूतीच्या डॉक्टरांचा आणि खालचा इंजिनिअरचा. बाळाभोवतीची पिशवी किती ताणली की फाटते, हे तो मोजी. तिघेही विद्वान, म्हणून कुलपंही तीन.

तिघांनी एकाच निधीकडे तीन अर्ज धाडले. तिन्ही परत आले. विषय महत्त्वाचा, पण दुसऱ्या शाखेचा, असं प्रत्येकाला कळवलं होतं. पाठोपाठ कचेरीची नोटीस आली: निधी नसेल तर महिनाअखेरीस फ्रीझर बंद, आतला माल कचऱ्यात.

तो माल वरच्या प्रसूती वॉर्डातून आणून देत थोरल्या सिस्टर. अपुऱ्या दिवसांचं बाळ गेलं, की आई त्यांनाच विचारी, "माझं काय चुकलं?" तीस वर्षं सिस्टर नुसतं पांघरूण सारखं करत आल्या होत्या.

शेवटी तिघांनी नाक मुठीत धरून एकत्र अर्ज केला. समिती पाहणीला आली. अध्यक्षबाईंनी एकाच आईचे तिन्ही नमुने मागितले. तिघांचे क्रमांक तीन तऱ्हांचे. तिघेही माझ्याकडे बघू लागले, जणू मीच सांगणार होतो.

"आहेत की," नवी डबी घेऊन आलेल्या सिस्टर म्हणाल्या. "डब्या उलट्या करा."

वॉर्डात आई आणि बाळाच्या मनगटावर एकच क्रमांक बांधतात. हाताच्या सवयीने सिस्टरांनी तो प्रत्येक डबीच्या बुडाशी लिहिला होता. डब्या खराब करता म्हणून इंजिनिअरने त्यांना एकदा झापलंही होतं.

"सिस्टर, आधी सांगायचं होतं," डॉक्टर पुटपुटले.

"तुम्ही तिघं एका वेळी खाली आलात कधी, डॉक्टर?"

निधी मिळाला. कुलपं निघाली. उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही. परवा एका आईने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही. कशामुळे झालं ते शोधतोय, सगळे मिळून." हे त्यांनीच खाली येऊन जंतू तपासणाऱ्या बाईंना सांगितलं आणि डबी ठेवून गेल्या.

मित्रांनो, माझ्या दाराचं रबर झिजलंय. दार उघडं टाकून गप्पा मारू नका. आतली प्रत्येक डबी एकेका आईने दिलेली आहे. डबी परत मागायला ती येणार नाही. उत्तर मागायला येईल.