पूजेला बसवलेला गारवा

ताराने मेणखोलीचं दार उघडलं.

थांबा. आधी खोली.

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात मेणाची खोली कायम गार ठेवतात. साच्यातून निघालेला मेणाचा नमुना तिथे सावकाश थंड होतो. मग त्यावर मातीचं कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि रिकाम्या जागेत पोलाद ओततात. मेण जसं, तसं पोलाद. खोली तारा सांभाळते. मूळची कोल्हापूरची, आता राहायला बोगादीत.

आज पुण्याहून निशांत येणार होता. पंपाची चाकं ज्या कंपनीला हवी होती, तिचा माणूस. त्याला नमुने पटले तर काम इथे. नाही पटले तर राजकोटला, आणि मेणखोलीला कुलूप.

ताराने दार उघडलं.

ऊब.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीतून येते तशी. एसी बंद. त्यावर शेवंतीची माळ, हळदीची बोटं.

"मालतीबाई!"

मालतीबाई मागूनच आल्या, हातात डबा. मंडी मोहल्ल्यातल्या, आजोबा-पणजोबांपासून म्हैसूरच्या. नमुन्यांवरची मेणाची कुसं काढण्यात त्यांचा हात बसलेला.

"एसी कुणी बंद केला?"

"मी. आयुधपूजेला. का गं?"

"बंद का केलात?"

"अय्यो! पूजेला बसवलेलं मशीन चालू ठेवतात होय? सगळ्यांना सुट्टी आणि त्यानंच राबायचं? तूच म्हणालीस की, एकही मशीन राहू देऊ नका म्हणून."

म्हणाली होती. परवा पूजेत कोहळा फुटत होता तेव्हा, हसत. इथल्या रिवाजात आपणही मिसळतोय याचं कौतुक वाटून. काल दसरा, कारखाना बंद. वर पत्र्याचं छप्पर.

तारा मनात पुन्हा पुन्हा दार उघडत राहिली. दर वेळी आत गारवा होता.

"एवढं काय झालं?" मालतीबाई नमुन्यांवर वाकल्या. "बघ, किती छान दिसतायत. सुम्ने, उगाच घाबरतेस."

दिसत होते खरंच. पातळ पाती, गुळगुळीत, एकावर एक झुकलेली. ताराने दोन पात्यांमधलं अंतर तपासायची गोटी घेतली. ती अडकली. दुसऱ्या चाकात सैल पडली. तिसऱ्यात

चौथ्यात

तिने गोटी खाली ठेवली. अलगद, मेणाला ओरखडा जाऊ नये म्हणून. कशाला जपत होती आता?

"एसी लावते," मालतीबाईंचा आवाज उतरला. "गार झालं की सरळ होईल ना?"

"नाही हो. जसं वाकलंय तसंच घट्ट होणार."

"मग नवीन करू. आत्ता."

"ते गार व्हायला उद्या उजाडेल. तो संध्याकाळी परत जाणार."

मालतीबाई एसीकडे वळल्या. एसीचा खटका तेवढा वाजला.

निशांत आला तेव्हा खोली पुन्हा गार झाली होती. त्याने एक चाक उचलून उजेडात धरलं.

"वा! काय सुंदर आलंय, तारा मॅडम. राजकोटवाल्यांना फोटो पाठवू का, जळवायला?" तो हसला. "मोजमाप पोलादाचंच घेऊ. इथे माझी सही झाली की तुम्ही सुटलात."

मालतीबाईंनी ताराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

पोलाद ओतल्यावर कळणार. पंप फिरल्यावर तर नक्कीच. पण तेव्हा ना आज असणार, ना हा माणूस समोर असणार.

"सर," तारा म्हणाली, "सही करू नका."

"काय?"

"गोटी घालून बघा. खोली तापली होती. सगळे वाकलेत."

त्याने गोटी घातली. एका चाकात, मग दुसऱ्यात. चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"मॅडम, मग मला राजकोटला कळवावं लागेल. आजच."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं ना याचा अर्थ काय?"

"हो."

तो फोन कानाला लावत बाहेर गेला. काचेपलीकडे त्याचे ओठ हलताना दिसत होते.

"एवढी कसली घाई झाली होती तुला खरं बोलायची?" मालतीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कशातून तरी दचकून जागं झाल्यासारखा होता तो. "मी तर पूजा केली होती गं. पूजाच केली होती ना मी?"

"माझंच चुकलं. हा एसी सोडून, असं मी सांगायला हवं होतं."

"तुला नोकरी मिळेल. पुण्यात, कोल्हापुरात, कुठेही." मालतीबाईंनी समोरचं चाक उचललं, सवयीने त्यावरचं कूस नखाने काढलं आणि परत जागेवर ठेवलं. "आमचं घर इथं आहे गं, तारा. राजकोटला नाही."