तुळशीचा सापळा

"पेरूत अळ्या आहेत की अळ्यांत पेरू, एवढं तुम्हीच ठरवा," सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर साने म्हणाले. कुसुमताई वाकून गळलेली फळं गोळा करू लागल्या. खोटं काय होतं त्यात? फळमाशीने झाड पार नासवलं होतं. पेरू पिकायच्या आत गळायचा, फोडला की आत वळवळ. पार्किंगमध्ये कुजक्या फळांचा चिखल, आणि तिथेच गणपतीचा मांडव पडायचा. कमिटीने ठरवलं, गणपतीपर्यंत फळ सुधारलं नाही तर झाड तोडायचं.

झाड कुसुमताईंच्या यजमानांनी, श्रीनिवासरावांनी लावलेलं. कसबा पेठेतली जागा सोडून दोघं खडकीला आली, तेव्हा सामान लावायच्या आधी त्यांनी या झाडासाठी खड्डा खणला होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं, आणि आता तेही जाणार होतं.

वरच्या मजल्यावरचा सुदर्शन आयटीत, पण त्याच्या वडिलांची परभणीकडे पेरूची बाग. त्याने बाटलीला भोकं पाडून सापळा केला. आत टांगायची गंधाची वडी मात्र मिळेना. दुकानदार म्हणाला, माल संपलाय, पुढच्या महिन्यात बघा.

"काकू, वडीत जे केमिकल असतं ना, मिथिल युजेनॉल, ते तुळशीतपण असतं," सुदर्शन म्हणाला. "नर माश्या त्या वासाला येतातच. नर संपले की मादीची अंडी फुकट जातात. बाबा तुळशीचा पाला ठेचून त्यात औषधाचे थेंब टाकायचे. तुमच्या गॅलरीत एवढी माजलीये तुळस."

"तुळशीत विष घालू?"

"तुम्ही बघा, काकू. झाड तुमचं आहे."

तुळस माजली होती, कारण दोन वर्षांत कुसुमताईंनी तिचं एक पान खुडलं नव्हतं. शेवटच्या दिवशी श्रीनिवासरावांच्या तोंडात ठेवायला त्या रुमालात पान बांधून दवाखान्यात गेल्या होत्या. आयसीयूच्या दारात नर्स म्हणाली, बाहेरचं काही आत नेता येणार नाही. जन्मभर नियमाने वागलेल्या बाईने वाद घातला नाही. ते गेले, आणि पान रुमालातच सुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुळशीला हात जोडले आणि मूठभर पाला खुडला. ठेचताना वास घरभर झाला, तशा त्या ओट्याला टेकून रडल्या. नवऱ्याच्या तोंडी जे पडलं नाही, ते माश्यांच्या तोंडी घालायची वेळ आली होती. मग डोळे पुसून त्यांनी पाला बाटलीत भरला, वर औषध टाकलं आणि सापळा फांदीला बांधला.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ताजा पाला. बाटलीत मेलेल्या माश्यांचा थर साचायचा. तो आणि गळलेली फळं कुसुमताई खोल पुरून टाकायच्या. कंबर मोडायची, पण दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी साने सुरी घेऊनच आले. तीन पेरू त्यांनी स्वतः निवडून कापले. गर पांढरा आणि घट्ट, अळीचा पत्ता नाही.

"मांडव जरा पलीकडे घ्यावा लागेल," एवढंच ते म्हणाले.

चौथा पेरू कुसुमताईंनी काढला. धुऊन, चिरून श्रीनिवासरावांच्या फोटोपुढे ठेवला. नैवेद्यावर तुळस हवी, म्हणून त्या गॅलरीत गेल्या. खुडून खुडून तुळशीला नवी पालवी आली होती. त्यातलं एक कोवळं पान त्यांनी फोडीवर ठेवलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "उशीर झाला. पण इथे अडवायला कुणी नाही."