नलिनीच्या अक्षराचे कागद

माझ्याकडे पाहून आज कुणी मला हातात धरणार नाही. मी परीक्षेला नेतात तसला, कागद लावायचा एक जुना पुठ्ठा आहे. माझे कोपरे सोलले आहेत आणि लोखंडी चाप गंजला आहे.

१९९८ साली शेखरने मला पौडच्या बाजारातून घोटावड्याला आणले, त्याच्या मुलीसाठी. अपूर्वा तेव्हा चौथीत होती. तिने कर्कटकाने माझ्या पाठीवर आपले नाव कोरले. मोठी झाल्यावर तिला नवा पुठ्ठा मिळाला आणि मी माळ्यावर गेलो.

२००४ मध्ये शेखरनेच मला खाली काढले. तो जवळच्या कारखान्यात दिवसभर यंत्रापुढे उभा असायचा. वय एक्केचाळीस. गुडघे इतके सुजायचे की बूट काढायला उंबऱ्यावर बसावे लागे. त्याने बसून करायचे काम मागितले, तर साहेब म्हणाले, पदवी आणा. म्हणून त्याने घरी राहून करायच्या व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीला नाव घातले. तीन वर्षांची पदवी.

"पोरीचं दप्तर बी घे की," त्याची आई रंभाबाई म्हणाली. "म्हंजी शाळंत शोभशील."

शेखरचे अक्षर त्याचे त्यालाच लागायचे नाही. त्याची बायको नलिनी सातवी शिकलेली, पण गावातल्या लग्नपत्रिकांवर नावे घालायला तिलाच बोलवायचे. त्यामुळे घरून लिहून पाठवायची उत्तरे आपोआप तिच्याकडे गेली. भाकऱ्या झाल्या की ती मला मांडीवर घ्यायची. तो सांगायचा, ती लिहायची. यात काही चुकते आहे असे दोघांनाही वाटले नाही. पत्रिका कुणाचीही असो, अक्षर नलिनीचे, अशी गावाची रीतच होती.

दोन वर्षे निभावली. तिसऱ्या वर्षी पुण्याच्या केंद्रावर सरांनी उत्तरे आणि हजेरीतली सही शेजारी शेजारी ठेवली.

"हे अक्षर कुणाचं?"

"आमच्या मंडळींचं, सर."

"मग पदवी मंडळींना द्यायची का?"

आठही उत्तरे दीड महिन्यात स्वतःच्या हाताने लिहून द्या, नाहीतर वर्ष गेले, असे बजावून सरांनी कागद परत दिले.

नलिनी तेव्हा काविळीने अंथरुणावर होती. ऐकून ती हसली. "द्या म्हनावं मला. आता तुमी ल्ह्या, मी सांगते."

मी पहिल्यांदाच शेखरच्या मांडीवर आलो. ती डोळे मिटून सांगायची. लिहून लिहून तिला सगळे पाठ झाले होते. "मागणी" या शब्दाशी तो अडला.

"आवो, वैशाखात लगनं लई, तवा समदे मला बोलवत्यात. आखाडात कोन इचारतंय? हीच मागनी. ल्ह्या."

सहा उत्तरे झाली. सातवे सुरू व्हायच्या आत नलिनी गेली.

शेखरने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. तेरावा झाला. मुदतीचे चार दिवस उरले, तेव्हा रंभाबाईनेच मला उचलून त्याच्या पुढ्यात ठेवले.

"तिनं एवढं सांगितल्यालं अर्ध्यावर टाकतोस व्हय? ल्ही, आरं."

उरलेल्या दोन उत्तरांचे नलिनीचे कागद त्याने माझ्या चापात लावले आणि गुडघ्यावर वही धरून पाहून पाहून उतरवले. तिची अक्षरे सरळ ओळीत, त्याची खाली घसरलेली. दोन उत्तरांना चार दिवस लागले.

२००७ मध्ये पदवी आली, मग खुर्चीही आली. गुडघे आता सुजत नाहीत. तो वेळेत घरी येतो आणि तरीही उंबऱ्यावर बसतो.

तीन वर्षांत नलिनीचाही अर्ज भरावा, असे त्या घरात कुणाला सुचले नाही. मी रोज तिच्या मांडीवर होतो, मलाही सुचले नाही.

आता २०१० आहे. पदवीनंतर मी पुन्हा माळ्यावर गेलो होतो. वरची खोली भाड्याने द्यायची म्हणून माळा रिकामा होतो आहे. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या हाती आली तर घाई करू नका. मला बंबात घातले तरी चालेल. पण आधी चाप उघडा, आणि सावकाश उघडा. ती दोन उत्तरे अजून तिथेच आहेत. शेखरने ती काढलेली नाहीत, आणि गंजाने कागद धरून ठेवला आहे.