गोल मुलीचे डोळे

मोएलांगीने जन्मभर सालीच्या कापडावर नक्षी काढली. तुतीची साल सोलायची, कुटून कुटून पसरट करायची, वाळवायची आणि मग तिच्यावर काळ्या-तपकिरी रंगात केवड्याची पानं, तारामासे, पाखरांच्या पायांचे ठसे उमटवायचे. दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटाच्या तिच्या अंगाला लग्न असो की मयत, तिचं कापड नसलं की लोकांना चुकल्यासारखं वाटे. पण एवढ्या वर्षांत तिने तोंड म्हणून कधी काढलं नव्हतं. माणसाचं नाही आणि मांजराचंही नाही. आता पासष्टीला आल्यावर ती तोंडं काढायला शिकू लागली, ती नातीपायी.

नात लेपेका, सहा वर्षांची. तिची आई सिनीरा ऑकलंडला इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. पाळ्या बदलल्या, पोरीकडे बघायला कुणी उरलं नाही, म्हणून तिने लेपेकाला आईकडे आणून सोडलं. जाताना म्हणाली, "आई, तीन आठवडे बघते. तिसऱ्या रविवारी फोन करून तिलाच विचारीन. नाही रमली तर येऊन घेऊन जाईन."

पहिल्याच दिवशी चर्चच्या पाळकांच्या बायकोने पोरीला नाव विचारलं. पोर उभी राहिली, त्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून खणखणीत आवाजात तिने नाव सांगितलं. तिकडच्या शाळेत तसंच शिकवतात. मोएलांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पोरीचा हात खाली ओढला. "बस आधी! मोठी माणसं बसलीत आणि तू उभी? आणि डोळे खाली!"

त्या दिवसापासून लेपेका आपल्या पायाच्या बोटांकडे बघू लागली. कुणी काही विचारलं तरी मान हलवायची. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं घरात सगळ्यांना आवडत, हिचं ताट मात्र अर्धं तसंच राहायचं. पोर वळण घेतेय असं मोएलांगीला आधी वाटलं. दुसरा आठवडा सरला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हे वळण नव्हे, पोर दिवस मोजतेय. आणि आता फोनच्या रविवारला एकच आठवडा उरला होता.

लेपेकाला हसताना तिने एकदाच बघितलं होतं. शेजारणीच्या फोनवर कार्टून चालू होतं तेव्हा. म्हणूनच, ऑकलंडला सात वर्षं कार्टूनच्या कारखान्यात काम करून परत आलेली फिलेमू महिला मंडळाच्या घरात वर्ग घेतेय असं कळल्यावर मोएलांगी चटई घेऊन निघाली. बालवाडीसाठी छोटं चित्रांचं पुस्तक करायचं होतं. प्रत्येकीने एक पात्र काढायचं.

"सगळं तीन आकारांतून येतं," फिलेमू म्हणाली. "गोल म्हणजे मऊ, हात फिरवावासा वाटतो. चौकोन म्हणजे बसका, भरवशाचा. त्रिकोण टोचतो, त्याच्यापासून पोरं जपून राहतात."

"मग माझा नवरा चौकोन," तालालेलेई म्हणाली. ही मोएलांगीची बालमैत्रीण. "बसला की उठतच नाही."

"आणि तू गं?" कुणीतरी विचारलं.

"मी तीन गोल, एकावर एक. वरचा सगळ्यात लहान, असं आमचे हे म्हणतात."

बायका चटईवर लोळून हसल्या. मोएलांगी मात्र कपाळाला आठी घालून बसली होती. "त्रिकोण टोचतो म्हणे! माझ्या केवड्याच्या पानांत शंभर त्रिकोण असतात. आजवर कुणाला टोचले?"

"शंभर असले की नक्षी होते, मावशी," फिलेमू म्हणाली. "एकटा असला की नाक होतं."

हे मोएलांगीला पटलं. पेन्सिल तिच्या हातात टिकेना, म्हणून तिने आपला नेहमीचा केवड्याच्या वाळक्या फळाचा कुंचला काढला, काजळीच्या रंगात बुडवला आणि एका दमात भलंमोठं गोल डोकं काढलं. त्याखाली नीरफणसाएवढं अंग. हातापायांचे चार ठिपके. इतकी नेटकी रेघ दुसऱ्या कुणाचीच नव्हती. फिलेमूने सांगितलं, सगळं काळं भरून बघा, तरी कोण आहे ते ओळखू आलं पाहिजे. मोएलांगीची मुलगी काळी भरल्यावरही ओळखू येत होती. मग डोळ्यांची वेळ आली. मोएलांगीने दोन बाकदार रेघा काढल्या, मिटल्यासारख्या, पायांकडे वळलेल्या.

फिलेमू वाकून बघू लागली. "मावशी, ही कुणाकडे बघतच नाही."

"कशाला बघेल? शहाणी आहे."

"पण पोरांना वाटायला हवं ना, ही माझ्याकडे बघतेय, हिच्याशी बोलावं. डोळे मोठे, उघडे, समोर."

"माझ्या हातची पोर मोठ्यांकडे टकमक बघणार? उद्या हे पुस्तक पाळकांच्या घरी गेलं तर?"

"चित्र आहे ते, मावशी."

"खाली नाव माझं आहे ना?"

तिने कोंबडा काढला, खेकडा काढला, शेवटी डुक्कर काढलं. अंगं गोल, साजरी, आणि सगळ्यांच्या नजरा जमिनीवर.

"डुक्करसुद्धा?" तालालेलेईने विचारलं.

"आमच्या घरचं आहे ते," मोएलांगी म्हणाली.

कागद गुंडाळून ती घरी आली. तिच्या मनात होतं, पोर बघेल आणि हसेल. लेपेका खांबाला टेकून बसली होती. मोएलांगीने कागद तिच्यापुढे पसरला. पोरीने बराच वेळ बघितलं. मग गोल मुलीच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी, हिला कोण ओरडलं?"

चार दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

"कुणी नाही गं. गुणी मुलगी आहे ती."

"मग ती घरी कधी जाणार?"

मुलीच्या त्या दोन बाकदार रेघा तिने अगदी मायेने काढल्या होत्या. पोरीला त्यांत माया दिसलीच नव्हती, नुसता ओरडा दिसला होता. आणि पोर खोटं बोलत नव्हती. कागदावरची मुलगी आणि खांबापाशी बसलेली मुलगी, दोघी सारख्याच दिसत होत्या.

तिची पाठ दिवसभर वाकून भरून आली होती. ती चटईवर आडवी झाली आणि म्हणाली, "ये इकडे. माझे पांढरे केस उपट. आमच्याकडे नातवंडांचं कामच असतं ते."

लेपेका हळूच आली. मोएलांगीने आपलं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. पोरगी केसांत बोटं घालून शोधू लागली.

"किती आहेत?"

"सगळेच आहेत, आजी."

"मग काळे तेवढे राहू दे म्हणजे झालं."

वरून खुदकन आवाज आला. मोएलांगीने डोळे उघडले. पोरीचा चेहरा तिच्यावर ओणवलेला होता, डोळे सरळ तिच्या डोळ्यांत. टपोरे, तपकिरी, आणि डाव्या पापणीखाली तिळाएवढा ठिपका. पोर घरात येऊन तीन आठवडे होत आले होते आणि हा तीळ आजीला आज दिसत होता.

लेपेकाच्याही लक्षात आलं. तिने पटकन नजर काढून घेतली. "असं बघितलं तर चालतं?"

"असं चालतं," मोएलांगी म्हणाली. "मी खाली आहे, तू वर आहेस. खाली नाही बघितलंस तर केस कसा सापडेल?"

पोरीने पुन्हा बघितलं. या वेळी नजर काढली नाही. मग दोघी बोलत राहिल्या. ऑकलंडच्या शाळेतला मासा, आईचा निळा डगला, फिलेमूचे मऊ, बसके आणि टोचरे आकार, असलंच काहीबाही. बोलता बोलता मोएलांगीने विचारलं, "मला काढायची झाली तर कुठल्या आकाराची काढशील?"

"चौकोन." जरा थांबून पोर म्हणाली, "ओरडतेस तेव्हा त्रिकोण."

"आणि आत्ता?"

लेपेकाने आजीच्या गालावर बोट दाबून बघितलं. "आत्ता गोल."

दुसऱ्या दिवशी वर्गात मोएलांगीने नवा कागद मांडला. गोल मुलगी मांडी घालून बसलेली. तिच्या मांडीवर एक मोठं गोल डोकं, केस सगळीकडे पसरलेले. मुलगी खाली बघतेय, म्हातारी वर बघतेय. चार डोळे, चारही टपोरे आणि उघडे, आणि एकाच्या पापणीखाली ठिपका.

तालालेलेई नुसती "अगं बाई" म्हणाली. फिलेमू मात्र कागद जवळ घेऊन, लांब धरून बघत राहिली. "मावशी, पण ह्या दोघी एकमेकींकडेच बघतायत. वाचणाऱ्याकडे कुणीच नाही."

"वाचणाऱ्याला वाटलं तर तो येऊन शेजारी बसेल," मोएलांगी म्हणाली.

फिलेमूने कागद परत दिला नाही. तिने तो आपल्या फळ्यावर, सगळ्या चित्रांच्या वर लावला.

रविवारी प्रार्थना झाली, जेवणं झाली, आणि फोन वाजला. मोएलांगीने तो लेपेकाच्या हातात दिला. तिथून उठून जावं असं तिला वाटत होतं. पण ती पोरीच्या समोर चटईवर बसली.

"रमलीस का गं?" सिनीराचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "खरं सांग. येऊ का न्यायला?"

लेपेका उभी होती. तिने मान वर केली आणि सरळ आजीकडे बघितलं. "डोळे खाली" हे शब्द सवयीने मोएलांगीच्या जिभेवर आले. तिने ते गिळले आणि पोरीकडे बघत राहिली.

"ये ना आई," लेपेका म्हणाली. "पण न्यायला नको. राहायला ये."

सिनीरा म्हणाली, "आजीला दे."

मोएलांगीने फोन कानाला लावला.

"आई, हिला काय केलंस तू? तुझ्या घरात ही एवढी मोकळी कशी बोलते?"

"बोलू दे," मोएलांगी म्हणाली. "सिनीरा, एक विचारू? तुझ्या पापणीखाली पण तीळ आहे का गं? मला आठवेना."

"आहे की. डाव्या. का?"

"काही नाही," मोएलांगी म्हणाली. "ये तू. मला बघायचाय."