बारा शांत उंदीर

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे दीडशहाणे म्हणतो. समोर अर्थातच सर. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. हे गृहस्थ उंदरातून डोंगर काढतात आणि त्यावर चढून स्वतःची टिमकी वाजवतात.

माझं काम मोजण्याचं. काही माणसांना मानेचे, खांद्याचे झटके येतात, थांबवू म्हटलं तरी थांबत नाहीत. तसेच झटके येणारे उंदीर आम्ही पाळलेत. अर्ध्यांना औषध टोचायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि मी व्हिडिओ बघून झटके मोजायचे. लबाडी होऊ नये म्हणून कुणाला काय टोचलं ते मला सांगत नाहीत. मला ते पहिल्याच दिवशी कळलं. प्रत्येक पिंजऱ्यात आम्ही कापसाचा एक चौकोन टाकतो, उंदीर तो कुरतडून घरटं करतो. बारा पिंजऱ्यांत कापूस जसाच्या तसा होता. त्या बारांना झटके नव्हते, हे खरं. पण चालणं नव्हतं, खाणं नव्हतं, शेजाऱ्याला हुंगणंही नव्हतं. कोपऱ्यात पेंगत बसले होते.

"सर, हे बरे झालेले नाहीत, गुंगीत आहेत," मी म्हणाले. "चालतात किती, तेही मोजू या."

"तुम्हाला काय मोजायला सांगितलंय?"

"झटके."

"मग तेवढंच मोजा. ऐंशी टक्के कमी झालेत. आणखी काय हवं?"

या हिशेबानं मेलेला उंदीर शंभर टक्के बरा. पण भिंतीवर टांगलेल्या पदव्यांपुढे बोलणार कोण? बाकीचे सगळे नंदीबैलासारखे माना डोलावत होते.

मीही डोलावली असती. पण ताईच्या पंधरा वर्षांच्या मुलीला हाच आजार आहे. तिची मान उजवीकडे हिसके देते, घशातून बारीक आवाज निघतो. हे औषध दुसऱ्या एका आजारावर आधीपासून वापरात आहे, म्हणून उंदरांचा निकाल चांगला आला की लगेच मुलांवर चाचणी होणार होती. ताईनं पोरीचं नाव यादीत घातलंही होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर, आणि तो माझ्याच भाचीच्या पोटात जाणार होता.

मग जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर तेच व्हिडिओ पुन्हा लावून मी उंदरांचं चालणं मोजलं. आकडे मुलांवरच्या चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीकडे पाठवले. समितीनं चाचणी थांबवली. दीडशहाण्यांनी सगळ्यांसमोर मला उंटावरची शहाणी म्हटलं, तेव्हा त्यांच्या तोंडावर हसायचं मी कसंबसं टाळलं. असल्या माणसाच्या शिव्या म्हणजे मला शाबासकीच.

त्याच संध्याकाळी ताईकडे गेले. खोटं कशाला सांगू, कौतुक करून घ्यायलाच गेले होते.

ताईनं सगळं ऐकलं आणि गॅस बंद केला. "तुझे उंदीर झोपले म्हणून माझ्या मुलीचं औषध गेलं?"

"अगं, ही दिवसभर पेंगली असती. वर्गात बाकावर डोकं टेकून झोपली असती. ते काय बरं होणं आहे?"

"दोन वर्षं वाट बघतोय आम्ही. तू एकदा फोन तरी करायचास."

भाची टेबलापाशी वही उघडून बसली होती. या आजाराबद्दल मी हजारो झटके मोजून बोलत होते, तिच्याशी मात्र कधीच बोलले नव्हते. ते तेव्हा लक्षात आलं आणि लाज वाटली. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं गं."

तिच्या मानेनं दोनदा हिसका दिला. मान थांबण्याची तिनं वाट पाहिली.

"वर्गात झोपणाऱ्या मुलीला बाई ओरडतात, मावशी," ती म्हणाली. "पण तिची नक्कल कुणी करत नाही."