नऊ सेंटिमीटर

त्या सोमवारी जेवून आलो, बसमध्ये चढलो आणि माझे गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट कोणीतरी पुढे ओढली होती. आरसाही खाली वळवलेला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आमची ही मधल्या आकाराची बस अजून बाजारात यायची होती. मोठी गाडी डोंगरातल्या वळणांवर अडते, छोटीत शाळेची पोरं मावत नाहीत, म्हणून एकाच सांगाड्यावर तीन लांबीच्या गाड्या काढायचा कंपनीने घाट घातला होता. पहिली गाडी चाचणीसाठी माझ्या ताब्यात होती. तिचा एक आकडा जरी बाहेर गेला असता, तरी बोट माझ्याकडेच आलं असतं. तेवीस वर्षांची नोकरी पाण्यात गेली असती.

मंगळवारी पुन्हा तेच. मी पायांचे ठसे शोधले. शेडमध्ये एवढी धूळ, पण गाडीत एकही ठसा नाही! हा साधासुधा चोर नव्हता. रंगकाम करणाऱ्या ओयामादाने "दमलात का?" म्हणून विचारलं, तर वाटलं, याला कशाला हव्यात माझ्या चौकशा?

बुधवारी जेवणाची घंटा झाली तरी मी हललो नाही. चाचणीत प्रवाशांऐवजी भरायची वाळूची पोती कोपऱ्यात रचलेली होती, त्यांच्यामागे डबा घेऊन बसलो. भातातलं खारवलेलं आलुबुखार तोंडात टाकतोय तोच बसचं दार वाजलं. जाऊन पाहतो तर पायरीखाली छोटे पांढरे कॅनव्हासचे बूट, टोकं बाहेर करून नीट जोडून ठेवलेले.

चोर बूट काढून आत गेला होता!

आत शिओमी होती, ड्रॉइंग विभागात इंजिनिअरांचे नकाशे ट्रेस करणारी. मोजे घातलेले पाय पेडलकडे ताणून सीटच्या कडेवर बसलेली. हातात टेप, मांडीवर वही.

"काय चाललंय इथे?" मी ओरडलो.

"हाताकेयामा-सान! मी... नुसती बसले होते."

"वही घेऊन? आणा इकडे!"

"माझी आहे ती. द्या ना परत."

"चोराच्या मनात चांदणं! बोला, कोणाला विकताय?"

तिला पुढे घालून वहीसकट विभागप्रमुख कुसाकांकडे नेलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "क्लचपर्यंत पाय पोहोचायला सीट नऊ सेंटिमीटर आणखी पुढे यायला हवी. बुटाचा तळ धरून." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "ही बस काय बायका चालवणार आहेत, शिओमी-सान?"

"आमच्या गावाकडचे पुरुष शहरात गेलेत. उद्या चालवावी लागेल कोणाला तरी."

कुसाका खो खो हसले. मीही हसलो. माझी नोकरी वाचली म्हणून हसलो खरा, पण ते तिला कुठून कळणार? तिने वाकून माफी मागितली आणि वही घेऊन गेली. पुन्हा कधी ती सीट पुढे सरकलेली दिसली नाही. गाडी तशीच बाजारात गेली.

निवृत्त झाल्यावर मी बायकोच्या माहेरी, डोंगरात राहायला आलो. या रस्त्यावर आमचीच बस धावते. परवा चढलो तर चालवायला एक ठेंगणी बाई. पाठीशी दोन उशा दोरीने बांधलेल्या, तरी प्रत्येक क्लचला बिचारी सीटवरून घसरत होती. माझा जीव खालीवर होत राहिला. दरीची भीती नव्हती. लाज वाटत होती मला.

उतरताना राहवलं नाही. "नऊ सेंटिमीटर कमी पडतात ना?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला हो काय माहीत, आजोबा? डेपोवाल्यांनी पाठवलंय? उंचीचं निमित्त करून मला काढायला टपलेतच ते."

"नाही हो. मी आपला सहज..."

"पाय पोहोचतात माझे. व्यवस्थित पोहोचतात."

मी पायरी उतरून मागे वळेपर्यंत तिने अंगातला कोट काढून उशांवर टाकला होता.